अमेरिकेच्या यादवीत दोन नाही, तीन बाजू होत्या

"इतिहास जेते लिहितात" हे वाक्य आपण इतक्या सहज बोलून मोकळे होतो की ते खरं आहे का हे बघायची गरजच कुणाला वाटत नाही. अमेरिकेच्या सिव्हिल वॉरला तर ते अजिबात लागू पडत नाही. १८६१ ते १८६५ लढाई झाली, दक्षिणेची फुटलेली राज्यं हरली, त्यांचा सेनापती जनरल लीने ॲपोमॅटॉक्सला शरणागती पत्करली, आणि मग पुढची जवळपास शंभर वर्षं या युद्धाची गोष्ट सांगितली कुणी, तर हरलेल्यांनी. जिंकलेल्यांनी ती सांगू दिली, कारण त्यांना एव्हाना भांडण मिटवायचं होतं, धंदापाणी सुरू करायचं होतं, आणि ज्यांच्या गुलामीवरून हे सगळं पेटलं त्या लोकांचा विषय नकोसा झाला होता.

माझं म्हणणं असं आहे की या युद्धाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गडबड तारखांची नाही, कोण शूर आणि कोण भित्रा याचीही नाही, ती मोजणीची आहे. युद्धाला दोन बाजू होत्या, उत्तर आणि दक्षिण, असं एकदा धरून चाललं की मग तुम्ही कितीही निःपक्षपाती राहा, काही उपयोग नाही, कारण १८६० च्या जनगणनेत नोंदलेली जवळपास ४० लाख गुलाम माणसं या दोन्हीत कुठेच बसत नाहीत. ती युद्धाचं कारण होतात, मुद्दा होतात, फार तर लिंकनच्या पायाशी बसलेली मूर्ती होतात. पण त्यांनी काही ठरवलं, काही केलं, आणि त्यामुळे युद्धाची दिशा बदलली, हे दोन बाजूंच्या गोष्टीत मावतच नाही.

एक प्रसंग जरा नीट सांगतो. २३ मे १८६१, व्हर्जिनियाच्या मतदारांनी त्या दिवशी संघराज्यातून फुटायला मंजुरी दिली. त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम एक होडी घेऊन हॅम्प्टन रोड्सचं पाणी ओलांडून फोर्ट मनरोला पोचले. हा किल्ला व्हर्जिनियात असूनही अजून उत्तरेच्या ताब्यात होता. या तिघांना कॉन्फेडरेट, म्हणजे फुटलेल्या राज्यांच्या, सैन्यानं तोफांचा मोर्चा बांधायच्या कामाला जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन एक कॉन्फेडरेट अधिकारी किल्ल्यावर हजर, की आमच्या कर्नल मॅलरींची मालमत्ता परत द्या, पळालेले गुलाम परत करायचे असा तुमच्याच देशाचा कायदा आहे. किल्ल्याचा प्रमुख जनरल बेंजामिन बटलर मूळचा वकील. त्यानं सांगितलं, तुम्ही तर स्वतःला परका देश म्हणवता, मग माझ्या देशाचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? आणि शत्रू ज्यांना युद्धाच्या कामाला वापरतोय ती युद्धसामग्री, असं म्हणून त्यानं तिघांना ठेवून घेतलं.

इथे बटलरला कुणी हिरो करू नये. तो काही गुलामीविरोधी माणूस नव्हता, वर्षभरापूर्वी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यानं जेफरसन डेव्हिसला फेऱ्यांमागून फेऱ्या मतं दिली होती, जो पुढे कॉन्फेडरेट राष्ट्राध्यक्ष झाला. आणि लिंकननं मार्चमध्ये शपथ घेताना स्पष्ट सांगितलं होतं की जिथे गुलामी आहे तिथे तिला हात लावायचा माझा इरादा नाही. म्हणजे मे महिन्यात उत्तरेचं सरकार गुलामीविरुद्ध लढत नव्हतं, दक्षिणेचं सरकार गुलामीसाठी लढत होतं, आणि हे युद्ध आपल्या सुटकेचं आहे असं धरून वागणारी माणसं त्या होडीत होती. ही बातमी पसरली आणि माणसं येतच राहिली, आधी थोडी, मग शेकड्यांनी, बायकामुलांसकट. ऑगस्टमध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कायदा करावा लागला की शत्रूनं युद्धाच्या कामाला लावलेल्या गुलामांवर मालकाचा हक्क राहणार नाही. लिंकनची गुलामांच्या मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ ला आली, तोवर सैन्याच्या छावण्यांभोवती हजारो लोक जमलेले होते आणि त्यांचं करायचं काय हा प्रश्न सरकारला टाळताच येत नव्हता. पुढे यांच्यातलेच आणि यांच्यासारखेच मिळून जवळपास १,७९,००० काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले, बहुतेक गुलामीच्या राज्यांतलेच. हे सगळं वजा करून युद्धाचा इतिहास लिहिता येतो का? येतो, आणि तसाच तो लिहिला गेला.

कसा लिहिला गेला ते बघण्यासारखं आहे, कारण इतिहासकारांनी हे उलगडलं ते अगदी साध्या पद्धतीनं. एकच माणूस हरायच्या आधी काय बोलत होता आणि हरल्यावर काय बोलायला लागला, हे दोन कागद शेजारी ठेवायचे. कॉन्फेडरेट उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हानाच्या भाषणात म्हणाला की आमच्या नव्या सरकारची कोनशिला हीच आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे. मिसिसिपी राज्यानं फुटताना जे जाहीरनाम्यात लिहिलं त्यात सुरुवातीलाच सांगितलंय की आमची भूमिका गुलामीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. यात कसला आडपडदा नाही, कुणाला लाज वाटत नव्हती. आणि युद्धानंतर याच स्टीफन्सनं दोन जाडजूड खंड लिहून काय मांडलं, तर भांडण राज्यघटनेच्या अर्थाचं होतं, केंद्राच्या अधिकारांचं होतं. डेव्हिसनं १८८१ मध्ये असंच पुस्तक काढलं. गुलामी गेली ना, मग ती वाचवायला लढलो होतो असं कोण म्हणणार, त्यापेक्षा तत्त्वासाठी लढलो हे ऐकायला कितीतरी बरं.

आणि हे काम एकट्यादुकट्यानं झालं नाही, त्याला पद्धतशीर संघटना होत्या. १८६९ मध्ये सदर्न हिस्टॉरिकल सोसायटी निघाली, जनरल जुबल अर्ली तिच्यामागचा मुख्य माणूस. लीला देवपण द्यायचं तर १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईतला त्याचा पराभव दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारणं भाग होतं, तो मारला जेम्स लाँगस्ट्रीटच्या. लाँगस्ट्रीट हा लीचा सगळ्यात वरिष्ठ सेनापती, पण युद्धानंतर तो लिंकनच्या पक्षात गेला, काळ्यांना मताधिकार आहे हे मान्य करून चालला, आणि १८७४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीविरुद्ध काळे-गोरे मिळून असलेल्या पोलिसांचं आणि मिलिशियाचं नेतृत्व केलं. त्याचा गुन्हा हा होता, गेटिसबर्गच्या तिसऱ्या दिवशीचा नव्हे. ज्या लढाईत तो इतका महत्त्वाचा होता तिथे त्याचा पुतळा उभा राहायला १९९८ उजाडलं. इतकी वर्षं लोक त्याच्या हालचालींना उशीर झाला का यावर लष्करी पांडित्य करत बसले आणि त्या वादाचं मूळ राजकारणात आहे हे फार थोड्यांनी बघितलं.

मग १८९४ मध्ये युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी ही बायकांची संघटना निघाली, पुतळे उभारणं हे तिचं दिसणारं काम, पण माझ्या मते खरं काम पाठ्यपुस्तकांचं होतं. पहिल्या महायुद्धानंतर मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी शाळा-कॉलेजांसाठी एक मापदंड छापला, त्यात चक्क लिहिलं होतं की दक्षिण गुलाम राखायला लढली असं म्हणणारं पुस्तक नाकारा, आणि लायब्ररीत आधीच असेल तर त्याच्यावर 'दक्षिणेवर अन्यायकारक' असा शेरा मारा. दोन-तीन पिढ्या यावर वाढल्या. विद्यापीठांनी तरी वेगळं काय केलं? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे उत्तरेतच, विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी शिकवत होते की युद्धानंतर काळ्यांना मतं दिली हीच चूक झाली. याला काळे इतिहासकार डू बॉइस यांनी १९३५ मध्ये सातशेहून जास्त पानांचं उत्तर लिहिलं, त्यात शेवटचं प्रकरण इतिहासाच्या नावाखाली चाललेल्या प्रचारावरच आहे. गुलामांचं पळून येणं हा त्यांनी एक मोठा संप मानला, लाखो मजुरांनी काम सोडून शत्रूकडे जाणं. गोऱ्या इतिहासकारांनी ते पुस्तक बरीच वर्षं बाजूला ठेवलं. १९६० नंतर, नागरी हक्कांच्या चळवळीनंतर, त्याच दिशेनं काम सुरू झालं. तीस वर्षं गेली, आणि ती परवडण्यासारखी नव्हती.

आपल्याला यात आणखी एक गोष्ट जवळची वाटावी. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या जूनमध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना सोडवण्यासाठी त्याग केला. पुण्यात बसून फुल्यांना कळलं होतं की ते युद्ध कशाबद्दल होतं. आणि त्याच वर्षी, जेमतेम दीड-दोन महिने आधी, १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानात कोलफॅक्स नावाच्या गावी निवडणुकीच्या वादातून कोर्टाच्या इमारतीचं रक्षण करणाऱ्या काळ्या लोकांची गोऱ्यांच्या जमावानं कत्तल केली, त्यातल्या कितीतरी जणांना शरण आल्यावर मारलं. ज्या थोड्या आरोपींना शिक्षा झाली होती तेही १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टात सुटले. तिथे १९५० च्या सुमाराला राज्यातर्फे एक पाटी लागली, कोलफॅक्सची दंगल, तीन गोरे आणि १५० निग्रो मारले गेले, आणि या घटनेनं दक्षिणेतल्या, उत्तरेकडून आलेल्या बाहेरच्यांच्या गैरकारभाराचा शेवट झाला, असा तिचा मजकूर. दीडशे माणसं मारली गेली हे मान्य करूनही ती पाटी ही आनंदाची गोष्ट म्हणून सांगते. २०२१ मध्ये ती काढली.

पाटी काढणं, पुतळा हलवणं म्हणजे इतिहास पुसणं, असं म्हणणारे बरेच आहेत आणि सगळेच वाईट हेतूनं म्हणतात असं मला वाटत नाही. पण पुतळा हा इतिहासाचा कागद नसतो, उभारणाऱ्यांचं मत असतं. रिचमंडमधला लीचा पुतळा १८९० चा, म्हणजे लढाई संपून पंचवीस वर्षांनंतरचा, आणि त्याच दशकांत दक्षिणेतली राज्यं काळ्यांची मतं कायद्यानं काढून घेत होती. २०२१ मध्ये पुतळा गेला म्हणून लीबद्दलचा एकही कागद कमी झाला नाही. सरकारनं १८८० ते १९०१ या काळात छापलेले युद्धाच्या अधिकृत कागदपत्रांचे शंभरावर खंड आहेत तिथेच आहेत.

गेटिसबर्गचं उदाहरण तर मला सगळ्यात जास्त सलतं. १९१३ मध्ये लढाईला ५० वर्षं झाली म्हणून दोन्हीकडचे मिळून पन्नास हजारांवर म्हातारे सैनिक तिथे जमले, ज्या दगडी भिंतीपाशी त्यांनी एकमेकांना मारलं होतं तिथे भिंतीवरून हात मिळवले, फोटो निघाले, राष्ट्राध्यक्ष विल्सननं भाषणात सांगितलं की भांडण विसरलं गेलंय. भावाभावांची भाऊबंदकी मिटली. या सोहळ्यात काळे सैनिक जवळपास नव्हतेच, काळी माणसं होती ती तंबू उभारायला आणि ब्लँकेटं वाटायला. आणि त्याच वर्षी विल्सनच्या सरकारनं केंद्राच्या ऑफिसांमध्ये काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली. आता त्या भिंतीपासून थोडं उत्तरेला गेलं की एक छोटं पांढरं घर आणि गोठा लागतो. ते अब्राहम ब्रायन या स्वतंत्र काळ्या शेतकऱ्याचं, बारा एकर जमीन. लढाईच्या आधी तो कुटुंबासकट गाव सोडून गेला होता, कारण लीच्या सैन्यानं पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर तिथल्या काळ्या लोकांना, स्वतंत्र असलेल्यांनासुद्धा, पकडून दक्षिणेला गुलामीत पाठवायला सुरुवात केली होती. परत आला तेव्हा घराची चाळण झालेली, कुंपण गेलेलं, पीक तुडवलेलं. त्यानं हजार डॉलरच्या वर नुकसानभरपाई मागितली, मिळाले १५ डॉलर. गेटिसबर्गच्या तिसऱ्या दिवशी कॉन्फेडरेट जनरल पिकेटची चढाई कुठून कुठे झाली हे सांगणारे नकाशे हजारो आहेत आणि त्या नकाशांवर ब्रायनचं घर एक खूण म्हणून असतं, गोळीबाराची दिशा कळावी म्हणून. लीच्या सैन्यानं माणसं पकडून नेली हे त्या मोहिमेच्या इतिहासात तळटीप का असावं, ती मोहीमच होती ना?

लढायांचा अभ्यास करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, कुठली रेजिमेंट किती वाजता कुठे होती हे शोधायला जन्म घालवणारी माणसं असतात आणि त्यांच्या कामावरच बाकीचं उभं राहतं. प्रश्न कुठल्या कागदांपाशी थांबायचं हा आहे. सेनापतींचे रिपोर्ट वाचले तर सेनापती दिसतात. सामान्य काळा सैनिक, जो लिहायला-वाचायला शिकणं दक्षिणेत गुन्हा होता अशा जगातून आला, तो दिसतो पेन्शनच्या फाइलींत. आणि तो का दिसतो हे मोठं विलक्षण आहे. सैनिकाच्या विधवेला पेन्शन हवं तर लग्नाचा पुरावा द्यायचा, आणि गुलामांच्या लग्नाला तर कायद्यात अस्तित्वच नव्हतं, कसलं सर्टिफिकेट आणि कसलं काय. मग सरकारचा तपासनीस गावात यायचा आणि साक्षी घ्यायचा, शेजारणी, सैन्यातले सोबती, एकाच मळ्यावर वाढलेली माणसं, कधी जुना मालकसुद्धा. लग्न कुणी लावलं, कुठल्या साली, साल माहीत नसेल तर कुठल्या पिकाच्या वेळी, पहिलं मूल कुठलं, कुठलं विकलं गेलं. बाईला आपला संसार खरा होता हे अनोळखी माणसापुढे सिद्ध करावं लागलं, हा अपमानच होता, पण तिचं बोलणं कागदावर उतरलं आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये राहिलं. गुलामीतून पळालेली आणि उत्तरेच्या सैन्यासाठी हेरगिरी केलेली हॅरिएट टबमन जून १८६३ च्या कोम्बाही नदीवरच्या धाडीत होती, त्या रात्रीत सातशेवर गुलाम सुटले, तिला पेन्शन लागलं ते नवऱ्याची विधवा म्हणून महिना ८ डॉलर, आणि १८९९ मध्ये नर्स म्हणून केलेल्या कामाचा विचार करून २० डॉलर केलं. हेरगिरीचं नाही. त्या धाडीत सुटलेल्या लोकांची नावं, नाती, मळे हे सगळं एडा फील्ड्स-ब्लॅक यांनी अलीकडे याच पेन्शनच्या फाइलींतून जुळवत आणलंय. दोन बाजूंच्या इतिहासात ही सातशे माणसं म्हणजे दक्षिणेचं नुकसान, एक आकडा.

आकड्यांचंच बोलायचं तर मृतांचा आकडा बघा. शंभर वर्षं ६,२०,००० हा आकडा सगळ्यांनी पाठ केला होता. २०११ मध्ये डेव्हिड हॅकर यांनी जनगणना तपासल्या, १८६० मध्ये असलेले आणि १८७० मध्ये असायला हवे होते पण नव्हते असे पुरुष किती, आणि त्यांचा अंदाज साडेसात लाखांच्या आसपास गेला. २०२४ मध्ये आणखी बारकाईनं झालेल्या कामात तो सात लाखांच्या जरा खाली आला. पण ही रीत मुळात गोऱ्या पुरुषांच्या आकडेवारीवर चालते, काळ्या सैनिकांसाठी जुनाच सरकारी ३६,००० चा आकडा धरला जातो. आणि मळे सोडून सैन्याच्या छावण्यांशेजारी आलेली माणसं, ज्यांच्यात देवी आणि तापाच्या साथी पसरल्या, बायका आणि मुलं सगळ्यात जास्त, ती या कुठल्याच बेरजेत नाहीत. ती युद्धातच मेली, पण सैनिक नव्हती.

एक आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा आहे, की दक्षिणेच्या बहुतेक सैनिकांकडे एकही गुलाम नव्हता, गरीब शेतकऱ्याची पोरं ती, त्यांना का दोष द्यायचा. अकरा राज्यं मिळून साधारण एक तृतीयांश गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम होते, मिसिसिपीत तर जवळपास निम्म्या, त्यामुळे 'फक्त मूठभर जमीनदार' हे काही बरोबर नाही. पण बाकीच्यांचं काय? एप्रिल १८६२ मध्ये सक्तीची भरती आली, ऑक्टोबरमध्ये वीस गुलामांमागे एका गोऱ्याला सूट मिळाली, तेव्हा गरिबांत संताप झाला, लोक पळून गेले. दक्षिणेतलेच जवळपास लाखभर गोरे उत्तरेकडून लढले, व्हर्जिनियाचा पश्चिम भाग तर तुटून १८६३ मध्ये वेगळं राज्य झाला. त्या गरीब सैनिकाबद्दल कळवळा असेल तर याही माणसांना इतिहासात जागा द्या, कारण 'दक्षिण' म्हणून जी एकसंध बाजू सांगितली जाते तिनं सगळ्यात आधी यांनाच गाळलं. आणि १८६० मध्ये साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत निम्म्याहून जास्त लोकसंख्या काळी होती. या राज्यांतले बहुसंख्य लोक १८६५ मध्ये हरले नाहीत, सुटले. तरी 'दक्षिण हरली' हे वाक्य आपण सगळे बिनदिक्कत लिहितो, या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात मीही लिहिलंय, फरक एवढाच की तिथे 'फुटलेली राज्यं' म्हटलंय, माणसं नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा, की आजचे निकष तेव्हाच्या लोकांना लावू नका. ठीक आहे, तेव्हाच्याच लोकांना विचारू. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून पळालेला, १८७८ मध्ये मृत सैनिकांच्या स्मरणाच्या सभेत तो म्हणाला की या युद्धात एक बाजू बरोबर होती आणि एक चूक, आणि कुठल्याही भावनेनं हे विसरायला लावू नये. जॉन मोस्बी कॉन्फेडरेट घोडदळाचा नावाजलेला अधिकारी, १९०७ मध्ये त्यानं जुन्या सोबत्याला पत्रात लिहिलं की दक्षिण गुलामीवरूनच युद्धात उतरली, मी तिच्या बाजूनं लढलो याची मला लाज नाही, पण हे कारण नाकारण्यात अर्थ नाही. हे दोघंही त्याच काळाचे. कॉन्फेडरेट सेनापतीचं नाव असलेल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाचं नाव २०२३ मध्ये बदललं आणि २०२५ मध्ये त्याच आडनावाच्या दुसऱ्या महायुद्धातल्या एका सैनिकाच्या नावानं ते परत आणलं, म्हणजे कॉन्फेडरेट सेनापतीचं नाव उघडपणे परत लावणं सरकारलाही जमलं नाही, पण पाटी मात्र जुनी दिसली पाहिजे. त्याच वर्षी सरकारनं राष्ट्रीय उद्यानांमधल्या पाट्या तपासायला घेतल्या, अमेरिकनांना कमी लेखणारा मजकूर नको म्हणून. गेटिसबर्ग आणि फोर्ट मनरो दोन्ही त्याच खात्याकडे आहेत. पेनसिल्व्हेनियातून पकडून नेलेल्या माणसांबद्दल दोन ओळी लिहिल्यानं कुठले अमेरिकन कमी लेखले जातात, हे त्या खात्यानं सांगावं, कारण ब्रायनही अमेरिकनच होता आणि होडीतले ते तिघंही.